धामणगावची ताई

भाऊ ट्रेनिंगला गेला, त्या हंगामात कपाशीवर बोंडअळी पडली होती. बाबा धामणगावला एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या आल्या की वजन करून घ्यायच्या, हे त्यांचं काम. संक्रांतीच्या आतच गाड्या यायच्या थांबल्या आणि जिनिंगचं फाटक लागलं. तरी बाबा रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिकडे जायचे, चौकीदाराशी तासभर बोलायचे आणि परत यायचे. आम्ही कोणी त्यांना काही विचारत नव्हतो.

भाऊ नौदलात खलाशी म्हणून निवडला गेला, तेव्हा तो नेमका काय होणार आहे हे गल्लीत कोणाला नीट कळलं नाही. समुद्र पाहिलेली माणसं आमच्या गल्लीत दोनच होती, आणि त्यातल्या एकानं तो बसच्या खिडकीतून पाहिला होता. ट्रेनिंग ओडिशात, एका मोठ्या तळ्याच्या काठी होतं. फोन न्यायला परवानगी नव्हती. जाताना त्यानं आपला मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आईकडं लक्ष दे. तू तं काय, बोलतच नाहीस कोनाशी."

ते खरं होतं. मी सहा वर्षांची असताना मला शिकायला अमरावतीला मावशीकडे ठेवलं होतं. इंग्रजी शाळा, निळा पिनाफोर. पहिल्याच आठवड्यात वर्गात मी "मले पानी पाह्यजे" म्हणाले आणि एक अख्खी रांग हसली. त्यानंतर मी शाळेत इंग्रजी बोलले, नाहीतर काहीच बोलले नाही. पदवी घेऊन घरी परतले तेव्हा अमरावतीत मागे राहिलेली मैत्रीण नव्हती, आणि धामणगावात तर मी पाहुणीच होते. आई वऱ्हाडीत बोलायची, मी पुस्तकातल्या मराठीत उत्तर द्यायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, "इंग्लिश मीडियम हाये ना तिचं, आपल्याशी कायले बोलन ते!" त्यांना तो तोरा वाटायचा. मीही तो गैरसमज तसाच राहू दिला. घाबरट म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं होतं.

पंधरा दिवसांनी भावाचा पहिला फोन आला, दोन मिनिटांचा. त्यात त्यानं सांगितलं की या बॅचच्या आईवडिलांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, आईला त्यात घाल, सगळी खबर तिथे लागते. ग्रुप चालवणारे गृहस्थ हरयाणाचे होते, निवृत्त फौजी. त्यांचा पहिलाच प्रश्न आला, "माता या पिता? भाई-बहन को नहीं लेते." मी आईला विचारलं. ती मशीनवर ब्लाउज शिवत होती. दातात दोरा धरून म्हणाली, "सांग ना मायच हाव म्हनून. त्याले काय दिसून रायलं तिथून?"

अशी मी आई झाले.

ग्रुपमध्ये शंभराच्या वर माणसं होती. बिहार, राजस्थान, आंध्र, केरळ. भाषा हिंदी, तीही इंग्रजी अक्षरांत. कोणाचं नाव कोणी विचारायचं नाही. मुलाचा नंबर आणि आपलं गाव, एवढीच ओळख. त्यामुळे सगळे एकमेकांना गावानंच हाक मारायचे. मी "धामणगाव" होते. सुरुवातीला एकानं विचारलं, "अमरावती के पास? वही, जहाँ किसान मरते हैं?" मी बराच वेळ विचार करून लिहिलं, "हमारे यहाँ संतरे भी होते हैं." त्यावर त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

रविवार हा ग्रुपचा सणाचा दिवस. मुलांना त्या दिवशी थोडा वेळ फोन मिळायचा. सगळ्यांना मिळायचाच असं नाही. एखाद्या घरी फोन आला की ती आई लगेच लिहायची, "बात हो गई." मग बाकीच्या तिच्यावर तुटून पडायच्या. मेरे वाले का कुछ बताया? खाना कैसा है? पोहण्यात पास झाला का? एका फोनमधून दहा घरांची खबर निघायची. ज्यांना फोन आला नाही, त्यांनीही लिहायचं, "आज नहीं आया, कोई बात नहीं." हे न लिहिणारीची सगळ्यांना जास्त काळजी वाटायची.

एक शब्द मात्र सगळे टाळायचे. एखादा मुलगा आजारी पडला किंवा परीक्षेत नापास झाला, तर त्याला पुढच्या बॅचमध्ये ढकलत. ग्रुपच्या भाषेत त्याला "पीछे गया" म्हणायचे. ज्यांचा मुलगा मागे गेला, ते आईवडील दोन-तीन दिवसांत न बोलता ग्रुपमधून निघून जायचे. ते गेल्याची बारीक अक्षरातली एक ओळ दिसायची. त्या ओळीखाली कोणी काही लिहायचं नाही.

ग्रुपमध्ये मराठी आम्ही दोघीच होतो. धामणगाव आणि अकोला. अकोल्याच्या बाईंचं कापूस पिंजायचं दुकान होतं. नवरा पिंजायचा, त्या गाद्या-रजयांच्या खोळी शिवायच्या. मुसलमान घर. घरात हिंदी, बाजारात वऱ्हाडी. एका रविवारी त्यांनी मला ग्रुपबाहेर, एकटीला लिहिलं, "ताई, जेवन झालं का? तुमच्या पोराचा फोन नाही आला ना आज. माह्या पोरानं पाह्यलं त्याले, चांगला हाये. चिंता नका करू."

मला ताई म्हणणारं तोवर कोणी नव्हतं.

मी उत्तर लिहिलं. ते आईच्या बोलीत लिहायला हवं होतं, आणि मला ती येत होती. सोळा वर्षं मी ती फक्त तोंडातून काढली नव्हती. "झालं ना बाई जेवन. वरन-भात केला व्हता. तुमचं?" पाठवलं आणि पाहत बसले. कोणी हसलं नाही.

मग रोज दुपारी आमचं लिहिणं सुरू झालं. आई पलीकडे मशीनवर असायची, मी भिंतीला टेकून. आईची वाक्यं मी चोरायची. ती बाबांना म्हणायची, "रोज फाटक पाहून याले तुमचं काय देऊळ हाये का तिथं?" ते मी जसंच्या तसं अकोल्याला लिहायची. त्या लिहायच्या, "आमचे बी दुकान उघडून माश्या मारून रायले. कापूसच नाही तं पिंजतीन काय, दाढी?" मी एकटीच हसायची. आई विचारायची, "काय झालं वं?" मी म्हणायची, "काही नाही."

महिन्याभरात त्यांना बोलावंसं वाटू लागलं. "फोन करू का ताई?" मी घाबरले. माझा आवाज पन्नाशीच्या बाईचा नव्हता. मी लिहिलं, "मले कानानं कमी आयकू येते बाई, फोनवर तं काहीच नाही. लिवतच जा." त्यांनी लगेच लिहिलं, "बरं बरं. कोनता कान?" मी लिहिलं, उजवा.

आणि मग मी आणखी एक गोष्ट करू लागले. आई म्हणून मी माझ्याबद्दल लिहू लागले. "मुलगी घरीच हाये. शिकली हाये मोठी, पन कोनाशी बोलत नाही. दिवसभर भिंतीले टेकून बसते. मले तिचीच जास्त चिंता." अकोल्याच्या बाईंनी विचारलं, "लहानपनापासून अशी हाये का?" मी लिहिलं, नाही. मग शाळेतली ती रांग लिहिली, मावशीच्या घरातला जिन्याखालचा कोपरा लिहिला, जिथे मी डबा खायची. आपल्याच लेकीबद्दल एखादी आई जितकं लिहील त्याहून बरंच जास्त. त्या म्हणाल्या, "तिले वरडू नका ताई. तिच्याजवळ नुसतं बसत जा." ते वाचून मी फोन उलटा ठेवला. पलीकडे आईचं मशीन चालू होतं.

आईला यातलं काही कळू नये आणि अकोल्याला मी कोण ते कळू नये, एवढंच मला हवं होतं. दोन्हींपैकी एक जरी झालं असतं, तरी माझी दुपार गेली असती.

मे महिना लागला. सलग चार रविवार भावाचा फोन आला नाही. आई घातलेली शिवण उसवून पुन्हा घालायची. अशात एका सकाळी ग्रुपवर फोटो आला. मैदानावर बसलेली दोनशे-अडीचशे मुलं, सगळ्यांचे केस तासलेले, सगळ्यांचा पांढरा बनियन. लगेच शोधाशोध सुरू झाली. ज्याला आपला मुलगा सापडे, तो त्याच्याभोवती लाल गोल करून पुन्हा पाठवे.

मी फोन आईला दिला. ती दारात उजेडाला जाऊन बसली, चष्मा लावून, अर्धा तास. मग बोट ठेवलं. "हा पाह्य. तिसरी रांग, पाचवा."

मी मोठं करून पाहिलं. चेहऱ्याचे चौकोन झाले. कान मला भावाचे वाटेनात.

"असेल," मी म्हटलं.

"असन काय? हाये. एक खांदा खाली टाकून बसला, पाह्य. लहानपनापासून असाच बसते, हजार बार सांगतलं." आणि तिनं त्या खांद्यावर बोट घासलं, सरळ करायला घासावं तसं.

मी लाल गोल केला आणि लिहिलं, "मिल गया हमारा बेटा." ग्रुपनं फुलं पाठवली. अकोल्याचं उत्तर एरवी मिनिटभरात यायचं. त्या दिवशी वीस मिनिटं लागली. "माशाअल्लाह ताई. कोनाची नजर ना लागो." मला ती वीस मिनिटं खटकली, पण त्या जेवत असतील असं म्हणून मी सोडून दिलं.

आईनं स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत तेवढाच मुलगा मोठा करून घेतला, सोनेरी कडेच्या चौकटीत. मशीनसमोर भिंतीवर लावला. ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला तो दाखवला जाई. "किती वायला ना, बारीक झाला?" आई म्हणायची. बायका म्हणायच्या, "हो ना, वळखूच येत नाही."

पुढच्या रविवारी आई बारशाला गेली होती आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. भाऊ होता.

"आई नाही ना तिथं? बरं झालं. तुलेच सांगाचं होतं. नडगीच्या हाडाले चीर गेली, धावू धावू. महिना झाला दवाखान्यात हाव. मी मांगं जाऊन रायलो, पुढच्या बॅचमधी."

"पण फोटो आला ना तुमचा," मी म्हटलं. "मैदानावरचा."

"कायचा फोटो? मी तं खाटेवर हाव. मैदान पाहून महिना झाला." मग म्हणाला, "तो अकोल्याचा पोट्टा हाये ना, तो येते रोज, जेवन आनून देते. त्यानं त्याच्या घरी सांगतलं व्हतं, मले वाटलं तुमाले समजलं असन. आईले सध्या नको सांगू."

फोन ठेवल्यावर मी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं, मग अकोल्याच्या बाईंच्या नावाशेजारचा छोटा फोटो उघडला. शाळेच्या गणवेशातला मुलगा, सायकल धरून उभा. एक खांदा खाली. तो फोटो मी तीन महिने रोज पाहत होते. मी सगळं बारकाईनं बघते असं माझं मलाच वाटायचं.

त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं असणार. आपला मुलगा दुसरीनं लाल गोल करून आपला म्हणून मिरवला, आणि त्यांनी लिहिलं होतं, नजर ना लागो.

मला आईच्या बोलीत काही सुचेना. मी सरळ लिहिलं, "फोटोतला मुलगा तुमचा आहे."

उत्तर आलं, "हो ताई. माह्याजवळ त्याचे दुसरे फोटो हायेत. तुमच्याजवळ तिथला एकबी नोता. राहू द्या भिंतीवर."

मी दोन दिवस आईला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ती पदरानं चौकटीची काच पुसत होती, ते मला पाहवलं नाही. सगळं सांगितलं. पाय, दवाखाना, रोज जेवण आणून देणारा अकोल्याचा मुलगा, मागची बॅच. आई खाली बसली. आधी पायाचं विचारलं, प्लास्टर आहे का, दुखतं का, संडासला कसा जातो. मला काहीच माहीत नव्हतं. मग तिनं भिंतीकडे मान केली.

"मंग हा कोनाचा हाये?"

"त्याच अकोल्याच्या मुलाचा. त्याची आई ग्रुपमध्ये आहे."

"तिले मालूम हाये?"

"हो."

"आन तिनं काहीच नाही म्हटलं?"

"राहू द्या म्हणाल्या."

आई उठली, चौकट उतरवली, जुन्या टॉवेलात गुंडाळली. "चाल. तिचं पोरगं तिले देऊन येऊ. आन तिचा पोरगा आपल्या पोराले जेवू घालून रायला, त्याचं बी सांगून येऊ."

"मी लिहिते ना त्यांना—"

"लिवून होते का असं? चाल म्हनते ना."

मी अकोल्याला 'उद्या येतो' एवढंच लिहून दुकानाचा पत्ता मागवला, आणि सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. बडनेऱ्यापर्यंत मी म्हणत होते, आता सांगते. मूर्तिजापूर गेलं तरी माझं तोंड उघडेना. तुला उजव्या कानानं कमी ऐकू येतं, असं मी लिहिलंय, हे आईला सांगायचं तरी कसं? ती मांडीवर टॉवेलाचं गाठोडं धरून खिडकीबाहेर बघत होती. दोन्ही बाजूंना काळी रानं उघडी पडली होती. मी मोबाइल उघडून आमचं सगळं लिहिणं वरपासून वाचलं. अकोला येईपर्यंत पुरलं.

दुकान उघडं होतं, यंत्र बंद होतं. भिंतींवर, वायरींवर, घड्याळावर कापसाची लव. बाई आतून आल्या. मी मनात रंगवल्या होत्या त्याहून बुटक्या, हसऱ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आईचे दोन्ही हात धरले, तिच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि ओरडल्या, "ताई! कशा हायेत! लय उन्हाच्या आल्या!"

आई दचकून मागे झाली. "अवं माय! काहून वरडून रायल्या बाई? मी का बहिरी हाव?"

"तुमीच तं लिवलं होतं, उजव्या कानानं कमी आयकू येते म्हनून."

"म्या? म्या कुठी काय लिवते! मले फोनचं बटन बी समजत नाही. सारं हे पोरगी लिवते."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळावरच्या कापसाकडे बघत होते, तरी मला ते कळत होतं. आई मात्र खुशीत आली. "काय काय लिवलं वं तू माह्या नावानं? आन बहिरी बी केली मले! सांगा बाई, काय काय लिवलं हिनं?"

माझे कान गरम झाले. मुलगी कोणाशी बोलत नाही. जिन्याखाली डबा खायची. मले तिचीच जास्त चिंता. त्यांच्याजवळ सगळं होतं, एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि त्यांचा रागही रास्त झाला असता.

"काय लिवनार बापा," त्या म्हणाल्या. "जेवन झालं का, भाजी कायची केली. बायाईचं काय असते दुसरं?" आणि मग मला, "उभी काहून हायेस बेटा? बस ना. पानी घे."

मी गाद्यांच्या थप्पीवर बसले. आईनं टॉवेल सोडला. त्या चौकट घेईनात, आई परत घेईना. बराच वेळ ती दोघींमध्ये पुढेमागे होत राहिली. शेवटी त्यांनी घेतली आणि बदल्यात आईला मुलाला नडगीवर लावायला तेल सांगितलं, मग स्वतःच बाटली भरून दिली. ती पोचवणार कशी, हे दोघींपैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. दोघी नडगीबद्दल बोलल्या, तळ्याकाठच्या डासांबद्दल, आपापल्या नवऱ्यांच्या बंद कामांबद्दल. आई म्हणाली, "आमचे रोज फाटक पाहाले जातात, देऊळ असल्यासारखे." त्या हसल्या, हे वाक्य त्यांनी माझ्याकडून आधीच वाचलं होतं, आणि हसता हसता त्यांची नजर एकदा माझ्याकडे आली आणि परत गेली.

जेवायला वाढलं. मला दोनदा विचारलं, "बेटा, अजून घे." चार वाजता आम्ही परत निघालो.

त्या आठवड्यात मी ग्रुपमधून बाहेर पडले. आमचा मुलगा मागे गेला होता, ती बॅच आता आमची नव्हती. कोणी काही लिहिलं नसणार. भावाच्या पायाचं प्लास्टर निघालं आणि तो पुढच्या बॅचबरोबर पुन्हा धावू लागला, हे आम्हाला अकोल्याहून कळलं. अकोल्याच्या बाई आता आईला फोन करतात. दुपारी, मशीन थांबवून, आई फोन कानाला लावते आणि दोघी वऱ्हाडीत अर्धा अर्धा तास बोलतात. आई कधी कधी म्हणते, "जरा हळू बोला बाई, मी बहिरी नाही," आणि दोघी पुन्हा त्यावर हसतात.

एकदा त्यांनी मला लिहिलं होतं. "बेटा, तू बी लिवत जा कधी कधी." मी बरीच उत्तरं केली आणि खोडली. आईच्या बोलीत लिहिलं तर खोटं वाटत होतं, आणि माझ्या मराठीत लिहिलं तर ते शाळेतल्या वहीसारखं दिसत होतं. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मी शेवटी तेवढंच लिहिलं, "जेवण झालं का?" आणि पाठवून दिलं.

दोन निळ्या खुणा आल्या. मी भिंतीला टेकून पाहत बसले. मग हातातच फोन वाजला. अकोला. मी उचलला नाही. तीन वेळा वाजू दिला, आणि आत नेऊन आईला दिला.